डी ड्राइव्हची हुबेहूब प्रत आपोआप ठेवायची, पण डिलीट झालेल्या फाइलचं काय?

प्रश्न असा आला आहे: "आमचा सांगलीत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दिवाळीला एक-दोन अंक. सगळं काम डी ड्राइव्हवर 'कामे' नावाच्या फोल्डरमध्ये असतं, साधारण ३५० जीबी. दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी-पेस्ट करतो. त्यात तीन-चार तास जातात आणि मध्येच 'रिप्लेस की स्किप' विचारत बसतं. एखादं सॉफ्टवेअर टाकून दोन्ही फोल्डर आपोआप सारखे राहतील असं करता येईल का? फुकट असेल तर बरं."

करता येईल, आणि फुकटात. शनिवारचे तीन-चार तास काही मिनिटांवर येतील. ही सॉफ्टवेअरं दर वेळी सगळा डोंगर उचलत नाहीत. दोन्ही बाजूंच्या फाइलींचं नाव, आकार आणि शेवटचा बदल केल्याची वेळ जुळवून बघतात आणि जिथे फरक दिसेल तेवढीच फाइल हलवतात. आठवडाभरात तुम्ही हात लावलेल्या फाइली ३५० जीबीच्या मानाने मूठभरच असणार.

मी २२ वर्षं छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतोय. त्यात सीए, वकील, डॉक्टर आणि तुमच्यासारखे चार छापखाने आले. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, हे सगळेच विचारतात. मूळ फोल्डरमधून फाइल डिलीट झाली तर प्रतीत तिचं काय व्हावं, हे मात्र कुणी विचारत नाही. खरी निवड तिथे आहे. सॉफ्टवेअरं तशी सगळी बरी आहेत.

"दोन्ही फोल्डर सारखे राहतील" या तुमच्या चार शब्दांत तीन वेगवेगळी कामं लपलेली आहेत. मिरर म्हणजे आरसा: मूळ फोल्डर जसा असेल तशीच प्रत. मुळात फाइल आली की प्रतीत येते, मुळात पुसली की प्रतीतही पुसली जाते. दुसरा प्रकार अपडेट: नवं आणि बदललेलं तेवढं प्रतीत जातं, पुसणं मात्र जात नाही. तिसरा दुतर्फा सिंक, ज्यात कुठल्याही बाजूला केलेला बदल पलीकडे जातो. घरचा लॅपटॉप आणि ऑफिसचा कॉम्प्युटर दोन्हीकडे काम करणाऱ्याला तिसरा प्रकार लागतो. तुम्हाला तो नको. तुमचं काम एकाच जागी होतं आणि बाहेरची डिस्क फक्त राखणीला आहे. तिकडून इकडे काही येण्याची वाट उघडी ठेवायचं कारणच नाही.

आता आरसा केवढा आज्ञाधारक असतो ते सांगतो. बरीच वर्षं झाली, एका छापखान्यात मीच रोबोकॉपीची, म्हणजे विंडोजमधल्या कॉपी करणाऱ्या आज्ञेची, एक बॅच फाइल (एकदम चालणाऱ्या आज्ञांची यादी) लिहून दिली होती. दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, डी ड्राइव्हचा आरसा ई ड्राइव्हवर. दोन महिने छान चाललं. मग एका दिवशी मालकांनी बाहेरची डिस्क घरी नेली, आणि त्याच दुपारी एक गिऱ्हाईक लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आलं. पेन ड्राइव्ह लावला, ई हे अक्षर मोकळं होतं, विंडोजने ते त्याला दिलं. दीड वाजला. माझ्या बॅच फाइलने ई ड्राइव्ह पाहिला, त्यात डी ड्राइव्हवर नसलेलं जे काही होतं ते सगळं पुसलं आणि आमच्या बिलबुकांच्या फाइली तिथे भरायला घेतल्या. जेवून आलो तेव्हा पेन ड्राइव्हचा दिवा मजेत लुकलुकत होता. फोटोग्राफरकडे मूळ फोटो होते म्हणून निभावलं. सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं होतं, सांगणारा मी होतो.

त्या दिवसापासून ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबून मी आरसा लावत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बाहेरच्या डिस्कला एक्ससारखं लांबचं अक्षर द्या. पेन ड्राइव्ह सहसा तिथवर पोहोचत नाही. शिवाय डिस्कला स्वतःचं नाव द्या. पुढे सांगतोय त्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराऐवजी चौकटी कंसात हे नाव लिहिता येतं. मग अक्षर काहीही मिळालं तरी ते नेमकी तीच डिस्क शोधतं, आणि ती लावलेली नसेल तर पुढे जात नाही.

तुमच्या बाबतीत याहून मोठा धोका पहिल्याच दिवशी आहे. गेली काही वर्षं तुम्ही कॉपी-पेस्ट करताय. मध्ये कधीतरी डी ड्राइव्ह भरला असेल आणि "बाहेरच्या डिस्कवर आहेच की" म्हणून २०१५-१६ची जुनी कामं डी ड्राइव्हवरून काढून टाकली असतील. बहुतेक सगळेच तसं करतात. म्हणजे त्या कामांची एकुलती एक प्रत आज बाहेरच्या डिस्कवर आहे. त्याच फोल्डरवर आरसा लावलात, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती सगळी 'मुळात नसलेली' कामं आहेत. पहिल्याच फेरीत ती झाडून पुसली जातील, आणि दहा वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाने "तसंच बिलबुक पुन्हा छापा" म्हटलं की तुम्हाला ते कळेल. म्हणून जुन्या फोल्डरला हात लावू नका. त्याचं नाव बदलून 'जुने संग्रह' ठेवा आणि आरशासाठी त्याच डिस्कवर कोरा फोल्डर काढा. जागा पुरत नसेल तर सरळ नवी डिस्क घ्या. आणि जे 'जुने संग्रह' एकाच ठिकाणी आहेत त्यांचीही कुठेतरी दुसरी प्रत करा. हे काम आरशाचं नाही, पण त्याच्याइतकंच गरजेचं आहे.

आता सॉफ्टवेअर. तुम्हाला मी फ्रीफाइलसिंक सुचवेन. घरगुती वापराला फुकट आहे (धंद्यासाठीची अट उतरवताना वाचून घ्या), डाव्या-उजव्या बाजूला दोन फोल्डर मांडून दाखवतं, आणि काही करण्याआधी काय करणार आहे त्याची यादी समोर ठेवतं. डावीकडे डी ड्राइव्हचा 'कामे', उजवीकडे एक्स ड्राइव्हवरचा 'आरसा'. तुलना करा म्हटलं की मधल्या रकान्यात प्रत्येक फाइलपुढे बाण किंवा कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह येतं. सवय झाली तरी निदान पहिले पंधरा दिवस ही यादी वाचा. पुसायच्या फाइलींचा आकडा तळाशी वेगळा दिसतो. रोज दोन-चार असणारा आकडा एके दिवशी चार हजार दिसला, तर बटण न दाबता उठून चहा प्या आणि मग शांतपणे बघा. कुणीतरी फोल्डर दुसरीकडे ओढून नेलेला असतो. दोन्ही बाजूंत फारच तफावत असेल तर हे सॉफ्टवेअर स्वतःही विचारतं. तो इशारा 'पुन्हा दाखवू नका' करून बंद करण्याचा मोह आवरा.

सेटिंगमध्ये मिरर निवडलं की खाली पुसलेल्या आणि बदललेल्या फाइलींचं काय करायचं हे विचारलेलं असतं: रिसायकल बिन, कायमचं पुसणं की व्हर्जनिंग. इथे व्हर्जनिंग घ्या. त्यासाठी एक्स ड्राइव्हवर 'आरसा'च्या शेजारी 'काढलेल्या' असा फोल्डर द्या. शेजारी, आरशाच्या पोटात नव्हे. मग होतं असं की मुळात पुसलेली फाइल आरशातून निघते, पण 'काढलेल्या'मध्ये तारीख-वेळेसकट जाऊन बसते. बदललेल्या फाइलीचं जुनं रूपही तिथेच जातं. पत्रिकेत पोराने चुकून मुहूर्ताची ओळ उडवून सेव्ह केलं, तर कालची पत्रिका सापडते. जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवायच्या तेही तिथेच सांगता येतं. छापखान्याला मी ९० दिवस देतो, कारण लग्नसराईतली भानगड कधीकधी बिल थकल्यावरच उघडकीला येते.

त्या सेटिंगमध्ये गाळणीही आहे, म्हणजे काय न्यायचं नाही याची यादी. कोरल ड्रॉ प्रत्येक फाइलीशेजारी 'बॅकअप ऑफ' अशा इंग्रजी नावाने सुरू होणारी स्वतःची प्रत टाकत असतं, हे तुम्ही रोज पाहता. ती नाही नेली तरी चालते आणि बरीच जागा वाचते. न्यायचं विसरतात ती वेगळीच गोष्ट: फाँट. पेजमेकरच्या काळातल्या जुन्या मराठी फाँटवर केलेलं काम तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असून उपयोग शून्य. वापरात असलेले सगळे फाँट 'कामे'च्या आत एका फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, म्हणजे तेही आपोआप आरशात जातील.

हे सगळं एकदा जमवलं की बॅच जॉब म्हणून सेव्ह करा आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, लावा. वेळ माझ्या मते दोन: दुपारी दीड आणि संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी. 'ठरलेली वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालव' ही खूण नक्की करा, कारण आपल्याकडे दीड वाजता वीज असेलच असं नाही. तुमचा इन्व्हर्टर किंवा यूपीएस यूएसबीने कॉम्प्युटरला जोडलेला असेल, तर 'फक्त मेन्स विजेवर असतानाच चालव' ही आधीपासून केलेली खूणही बघून घ्या. विंडोज यूपीएसला बॅटरी समजतं आणि वीज गेली की काम सुरूच करत नाही.

फ्रीफाइलसिंकसोबत रियलटाइमसिंक नावाचं छोटं पिल्लू येतं. ते फोल्डरवर नजर ठेवून असतं, आणि बदल थांबून ठरावीक सेकंद गेले की आरसा चालवतं. 'आपोआप' म्हटल्यावर लोकांना हेच हवं असतं. मी सहसा लावत नाही. चूकही तितक्याच चपळाईने प्रतीत पोहोचते, आणि मोठी कोरल फाइल दर पाच मिनिटांनी सेव्ह करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर डिस्क दिवसभर घरघरत राहते. 'काढलेल्या'मध्ये एकाच पत्रिकेच्या चाळीस आवृत्त्या साठतात ते वेगळंच.

उघड्या फाइलींचा प्रश्न मात्र नीट समजून घ्या. कोरलची फाइल उघडी राहिली तर फार तर ती एक फाइल जुनी राहील. टॅलीचा डेटा किंवा आउटलुकची मेलची फाइल यांचं तसं नाही. टॅलीची एक कंपनी म्हणजे एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फाइली. एन्ट्री चालू असताना त्यांतल्या अर्ध्या आधीच्या क्षणाच्या आणि अर्ध्या नंतरच्या क्षणाच्या उचलल्या गेल्या, तर प्रत दिसते ठणठणीत आणि उघडत नाही. तुमचं बिलिंग त्याच कॉम्प्युटरवर असेल तर टॅलीचा स्वतःचा बॅकअप आधी 'कामे'च्या आतल्या एका फोल्डरमध्ये घ्या. आरशाने तो तयार बॅकअप न्यावा, चालू डेटा नव्हे.

कुणी तुम्हाला "काही टाकायची गरज नाही, विंडोजमध्ये रोबोकॉपी आहेच" असं सांगेल. खरं आहे. विंडोज व्हिस्टापासून ती आतच असते, त्याआधी विंडोज एनटीच्या रिसोर्स किटमधून यायची. मी स्वतः आजही वापरतो. पण तिचा एम-आय-आर हा स्विच (आज्ञेपुढे जोडायची खूण) म्हणजे रिकाम्यांसकट सगळे उपफोल्डर न्या आणि जादाचं पुसून टाका, तेही रिसायकल बिनमध्ये न टाकता. जुन्या आवृत्त्या बाजूला ठेवायची सोय तिच्यात नाही. वापरायचीच तर आधी एल हा स्विच लावून कोरडी फेरी मारा. त्यात ती फक्त यादी दाखवते, हलवत काही नाही. एखादी फाइल कुणी उघडी ठेवून अडवली असेल तर ती किती वेळा प्रयत्न करते? मुळात ठरलेला आकडा आहे १० लाख वेळा, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. गणित केलं तर एका अडलेल्या फाइलीसाठी ती ३४७ दिवस वाट पाहील. आर आणि डब्ल्यू हे दोन स्विच लावून प्रयत्न दोन-तीनवर आणि थांबणं पाच सेकंदांवर आणा. आणखी एक: टास्क शेड्युलरमध्ये शेवटचा निकाल १ दिसला की लोक घाबरून मला फोन करतात. रोबोकॉपीच्या भाषेत ० म्हणजे काही बदललं नव्हतं, १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काही अडलंय असं समजायचं. लॉग, म्हणजे झालेल्या कामाची नोंद, घेताना युनिकोड लॉगचा स्विच वापरा, नाहीतर तुमच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल.

सिंकटॉय नावाचं मायक्रोसॉफ्टचं जुनं साधन अजून कुणीकुणी सुचवतं. चांगलं होतं, पण कंपनीने ते केव्हाच काढून घेतलंय. कुठल्यातरी अनोळखी जागेवरून उतरवून घेऊ नका.

मराठी नावांचा विषय निघालाच आहे, तर छापखान्यात हमखास येणारी एक गंमत. 'दुसऱ्या दुरुस्तीनंतर' असं नाव एका मुलीने एका कीबोर्डवर टंकलं, तेच नाव दुसऱ्या मुलाने दुसऱ्या कीबोर्डवर. एकाच फोल्डरमध्ये डोळ्याला अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली! विंडोज तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. आपला अर्धा 'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो: खास ऱ घेऊन त्याला पाय मोडून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. दिसायला एक, आत वेगळे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर तिसराच प्रकार होतो, ती डिस्क ऱ फोडून र आणि खालचा नुक्ता असं साठवते. डिझायनरच्या मॅककडे डिस्क जाऊन आली आणि आरसा पुन्हापुन्हा तीच फाइल 'नवी' म्हणून न्यायला लागला, तर आधी नावात ऱ आहे का बघा. माझा साधा नियम असा: फोल्डरची नावं मराठीत बिनधास्त ठेवा, पण ऑफिसमधले सगळे कीबोर्ड एकाच पद्धतीचे करा.

दुसरी अडचण लांबीची. पुढेमागे नेटवर्कवरची स्टोरेज पेटी, म्हणजे नॅस घेतलात, तर तिच्या आत बहुधा लिनक्स असेल. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर २५५ चिन्हं चालतात, म्हणून 'चि. सौ. कां.'पासून 'यांच्या शुभविवाहाची पत्रिका अंतिम नवीन २'पर्यंतचं पूर्ण नाव डी ड्राइव्हवर सुखाने नांदतं आणि नॅसवर जायला नकार देतं. वधूवरांची नावं फोल्डरला द्या, आतल्या फाइलीला 'पत्रिका २' पुरे.

डिस्क कशी फॉरमॅट केलीय तेही एकदा पाहून घ्या. जुनी डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीची फाइल तिच्यावर जाणार नाही. शिवाय ती बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदवते, त्यामुळे रोबोकॉपी न बदललेल्या फाइलीही पुन्हा नेते. तिला सांगायला एफ-एफ-टी हा स्विच आहे, पण त्यापेक्षा एनटीएफएस करून टाका. फॉरमॅट करण्याआधी तुमचे 'जुने संग्रह' दुसरीकडे हलवलेले असले पाहिजेत, हे सांगायला नकोच, पण सांगतो.

आणि डिस्क एक नको, दोन घ्या. कायम लावलेली डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचाच भाग. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा लावून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कही त्यात गेल्या. आरसा तर कुलूपबंद फाइललाच 'नवी आवृत्ती' समजून इमानेइतबारे नेईल. एक डिस्क या आठवड्यात छापखान्यात, दुसरी घरी, शनिवारी अदलाबदल. दोन्हींना एकच नाव देऊन ठेवा आणि एका वेळी एकच लावा, म्हणजे बॅच जॉब बदलावा लागणार नाही. सांगलीकरांना पाण्याची गोष्ट मी वेगळी सांगायला नको. २०१९मध्ये ज्यांचा कॉम्प्युटर आणि डिस्क एकाच टेबलावर होती त्यांचं दोन्ही एकदमच गेलं. घर नदीच्या त्याच बाजूला आणि तेवढ्याच उंचीवर असेल तर दुसरी डिस्क नातेवाइकाकडे ठेवा.

येत्या शनिवारी करायचं ते असं. जुन्या फोल्डरचं नाव बदला, कोरा 'आरसा' काढा, पहिली फेरी रात्रभर चालू द्या. रविवारी 'कामे'मध्ये एक खोटी फाइल करा, आरसा चालवा, मग ती डिलीट करून पुन्हा चालवा आणि 'काढलेल्या'मध्ये ती सापडते का पाहा. नंतर आरशातली एखादी खरी, जुनी, श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फाँटमधली पत्रिका दुसऱ्याच कॉम्प्युटरवर नेऊन उघडा. अक्षरं नीट दिसली तर फाँट बरोबर गेलेत. नाही दिसली तर कोणता फाँट राहिला ते लिहून कळवा, पुढचं मग बघू.